समुद्रकांठचें कुलाबा स्टेशन

ज्युबिलीच्या प्रसंगीं आपण आपल्या देवळाच्या भिंतींचीं वर्षें मोजतों. पाया कोणीं घातला, घंटा केव्हां आली, वेदीचें काम कोणाच्या देणगीनें झालें, हें सारें आपण आदरानें लिहून ठेवतों. आणि तें योग्यच आहे. परंतु वसईच्या भागांतील देवळांस ज्या देणग्या मिळाल्या, त्यांपैकीं पुष्कळसा पैसा वाडीच्या भाजीपाल्यांतून, केळींतून, पानवेलींतून आणि मुंबईच्या नोकऱ्यांतून आला. तो पैसा ज्या वाटेनें गांवांत आला, त्या वाटेचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो.

ती वाट म्हणजे विरारहून मुंबईस जाणारी आगगाडीची सडक होय. तिचें मुंबईकडील टोक चर्चगेट येथें आहे, हें आज लहान मूलहि सांगेल. परंतु तें टोक नेहमींच तेथें होतें असें नाहीं. १८७३ च्या सुमारापासून १९३० च्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५७ वर्षें, ही सडक चर्चगेट ओलांडून समुद्राच्या कडेनें आणखी मैलभराहून थोडी अधिक पुढें जात असे आणि कुलाब्यास थांबत असे. तें स्टेशन आज नाहीं. त्याचे रूळहि नाहींत.

स्टेशनें नाना कारणांनीं बंद होतात. कोठें उतारू कमी होतात, कोठें वादळ रूळ वाहून नेतें, कोठें खाण संपते आणि तिच्याबरोबर गाडीहि संपते. कुलाब्याचें स्टेशन यांपैकीं कशानेंहि बंद झालें नाहीं. तें बंद झालें त्या वेळीं त्याच्या रुळांवरून विजेच्या गाड्या धांवूं लागून तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. समुद्रांत भराव घालण्याच्या एका योजनेनें त्याला जन्म दिला, आणि समुद्रांत भराव घालण्याच्या दुसऱ्या योजनेनें त्याला नाहींसें केलें. ही हकीकत समजून घेतली म्हणजे आपल्या रोजच्या प्रवासाचा मार्ग कोणाच्या इच्छेनें वळतो आणि कोणाच्या इच्छेनें आंखडतो, हेंहि समजतें.

बेट, बांध आणि कापूस

आरंभ कुलाब्यापासूनच केला पाहिजे. मुंबई हीं मुळांत सात लहान बेटें. त्यांपैकीं अगदीं दक्षिणेकडचें तें कुलाबा, आणि त्याच्या व मुख्य मुंबईच्या मध्यें आणखी एक चिमुकलें बेट, ज्याला धाकटा कुलाबा म्हणत. हें नांव तेथील मूळच्या कोळी लोकांवरून पडलें, असें अनेक संशोधक मानतात. पोर्तुगीज अमलांत मुंबई ही वसईच्या हाताखालची एक लहानशी जागा होती. वसई हें राजधानीचें शहर, आणि मुंबई हें तिचें दूरचें बेट. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतला, आणि हळूहळू हें नातें उलटें झालें. मुंबई मोठी झाली आणि वसई तिला भाजीपाला पुरवूं लागली.

कुलाब्यास जावयाचें तर पूर्वीं ओहोटीची वाट पाहावी लागे, नाहीं तर होडी करावी लागे. १८३८ सालीं मुंबई व कुलाबा यांस जोडणारा बांधीव रस्ता पुरा झाला. तोच आजचा कुलाबा कॉजवे. रस्ता होतांच तेथील जमिनीचा भाव वाढला, आणि १८४४ सालीं कापसाचा मोठा बाजार कोटांतील हिरवळीवरून उठून कुलाब्यास गेला. येथून पुढें ऐशीं वर्षें कुलाबा म्हणजे कापूस असें समीकरण झालें. आगगाडी कुलाब्यास कां गेली, याचें अर्धें उत्तर या कापसांत आहे.

सडक वसईवरून येते

बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या लांबलचक नांवाची रेल्वे कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. लोक तिला बी. बी. अँड सी. आय. म्हणत. तिचा मूळ पुरस्कर्ता कर्नल जे. पी. केनेडी हा इंजिनीयर. गुजराथचा कापूस मुंबईच्या बंदरांत आणणें हा या कंपनीचा मुख्य हेतु होता. तिनें कामास आरंभ गुजराथच्या बाजूनें केला. अंकलेश्वर ते उतरण हा तिचा पहिला तुकडा ता. १० फेब्रुवारी १८६० रोजीं सुरू झाला, आणि तेथून सडक दक्षिणेस सरकत मुंबईकडे आली.

वाटेंत मोठ्या नद्या व खाड्या होत्या. त्यांपैकीं शेवटची मोठी अडचण म्हणजे आपली वसईची खाडी. पाणजू बेटाच्या दोन्ही बाजूंस पाणी, खालीं खोल चिखल, आणि दिवसांतून दोनदां येणारी भरती. तेथें दगडी खांब उभारणें कठीण. केनेडी यांच्या रीतीप्रमाणें या सडकेवरील मोठ्या पुलांस लोखंडी खांब वापरले गेले. खांबाच्या खालच्या टोकास मळसूत्राचें पातें असे, आणि खांब फिरवीत फिरवीत चिखलांत उतरविला म्हणजे तो स्क्रूप्रमाणें घट्ट बसे. ता. २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं या सडकेवरून गाडी मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत पोहोंचली. त्या दिवसापर्यंत वसईहून मुंबईस माल न्यावयाचा तर मचव्यांतून, वारा व भरती पाहून न्यावा लागत होता.

सट्टा बुडाला, पट्टी उरली

ग्रँट रोडच्या पुढें मात्र सडकेस वाव नव्हता. पूर्वेस दाट वस्ती, पश्चिमेस समुद्र. कुलाब्याचा कापूसबाजार आणि कोटांतील पेढ्या तर आणखी दक्षिणेस. मध्यें पसरलेला अर्धचंद्राकृति उपसागर, त्याला बॅकबे म्हणत. सडक पुढें न्यावयाची तर समुद्राच्या कडेनेंच न्यावी लागणार, आणि त्यासाठीं समुद्र थोडा मागें हटविणें भाग होतें.

हें घडवून आणलें तें अमेरिकेंतील यादवी युद्धानें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेचा कापूस विलायतेस पोहोंचेना. इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडल्या, आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. या पैशाचें काय करावें हें न समजून लोकांनीं कंपन्या काढल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेंकडीच्या पायथ्यापासून कुलाब्याच्या टोंकापर्यंत समुद्रांत भर घालावयाची, त्यांतील कांहीं जमीन आगगाडीस द्यावयाची, आणि उरलेली विकून अपार नफा मिळवावयाचा, असा तिचा बेत होता. भाग हातोहात विकले गेले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मोठे सटोडिये यांत होते, आणि त्यांच्या मागें लहानथोर सारे धांवत होते.

१८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें. कापसाचा भाव कोसळला आणि कागदावरचें धन पाण्यांत गेलें. बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या, आणि बॅकबे कंपनीहि बुडाली. ज्यांनीं दागिने मोडून भाग घेतले होते, त्यांच्या घरीं कित्येक वर्षें या सट्ट्याची आठवण निघत राहिली असेल. परंतु या नाशांतून एक वस्तु उरली: समुद्राच्या कडेनें भरून काढलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर आगगाडीचे रूळ पडले. आज मरीन लाइन्सच्या बाजूनें आपली गाडी धांवते, तेव्हां ती या जुन्या सट्ट्याच्या राहिलेल्या शेषावरूनच धांवत असते.

विरारची पहिली गाडी

ता. १२ एप्रिल १८६७ हा दिवस आपल्या भागाच्या इतिहासांत लिहून ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशीं विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. सकाळीं ६ वाजून ४५ मिनिटांनीं ती विरारहून निघे आणि संध्याकाळीं ५ वाजून ३० मिनिटांनीं बॅकबेहून परत फिरे. दिवसास जाणारी एक आणि येणारी एक. तिच्या वाटेवर वसई, पाणजू, बोरवली, पहाडी, अंधेरी, वांद्रें, माहीम, दादर, ग्रँट रोड अशीं थोडींच स्टेशनें होतीं. पाणजू व पहाडी हीं नांवें आतां वेळापत्रकांतून गेलीं आहेत.

गाडी एकच असली तरी तिच्या वेळेंत मोठा अर्थ भरला होता. सकाळीं जाणें आणि संध्याकाळीं परत येणें. याचा अर्थ असा कीं, मनुष्य आपलें घर, आपली वाडी आणि आपलें देऊळ न सोडतां मुंबईंत काम करूं शकेल. त्यापूर्वीं मुंबईची नोकरी म्हणजे गांव सोडणें होतें. मनुष्य तिकडे गेला म्हणजे सणावारासच परत येई, आणि कधीं कधीं येईनासाहि होई. आतां नोकरदारानें सकाळीं जावें आणि दिवेलागणीच्या सुमारास आपल्या अंगणांत उभें राहावें, असें झालें. पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती गांवांचीं गांवपणें टिकलीं, याचें बरेंच श्रेय या साध्या वेळापत्रकास दिलें पाहिजे.

वाडीच्या मालाचीहि तीच गोष्ट. मचव्यांतून जाणारी भाजी वारा पडला तर खाडींतच सुके. गाडीच्या वेळेस वारा अडवीत नाहीं. १८६९ सालीं मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटची इमारत पुरी झाली, आणि शहराच्या भुकेला मोठें दार मिळालें. केळीं, पानें, फुलें आणि ताजी भाजी हीं वसईची ओळख झालीं. हीच सडक पुढें वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेचीहि वाट झाली.

चर्चगेट आणि त्याच्या पुढें

१८७० सालीं चर्चगेट स्टेशन वेळापत्रकांत आलें. या नांवाची गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. मुंबईच्या कोटाला तीन मुख्य दरवाजे होते. त्यांपैकीं सेंट थॉमस या इंग्रजी देवळाकडे जाणारा जो दरवाजा, तो चर्चगेट. १८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं कोटाच्या भिंती पाडण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्यांत हा दरवाजाहि गेला. म्हणजे स्टेशन उभें राहिलें तेव्हां ज्याचें नांव त्याला मिळालें तो दरवाजाच उरला नव्हता. मुंबईंत वस्तूपेक्षां नांव अधिक टिकतें, याचा हा एक दाखला. दुसरा पुढें येईलच.

१८७३ च्या सुमारास सडक कुलाब्यास पोहोंचली. कंपनीचा मूळ हेतु आतां पुरा झाला: गुजराथच्या शेतांतून निघालेला कापूस एकाच सडकेनें थेट कुलाब्याच्या कापूसबाजाराच्या दारांत येऊं लागला. एका बाजूस गठ्ठ्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मध्यें मालगाड्यांचे रूळ, असें तें यार्ड होतें. शेजारींच सैन्याची छावणी होती, त्यामुळें पलटणींची ये-जाहि येथूनच होई. १८९६ सालीं स्टेशनास नवी इमारत मिळाली. याच सुमारास, १८९४ ते १८९९ या काळांत, चर्चगेटसमोर कंपनीच्या मुख्य कचेरीची ती घुमटाची देखणी इमारत उभी राहिली. तिचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारतहि यांचीच.

कुलाबा हें या सडकेचें शेवटचें स्टेशन, आणि म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांचें पहिलें. बडोदें, अहमदाबाद, दिल्ली यांकडे जाणाऱ्या मेलगाड्यांचा आरंभ तेथून होई. १९२८ च्या सप्टेंबरांत सुरू झालेली प्रसिद्ध फ्रंटियर मेल कुलाब्याहून सुटून पेशावरपर्यंत जात असे. अरबी समुद्राच्या कांठीं गाडींत बसलेला उतारू खैबर खिंडीच्या तोंडाशीं जाऊन उतरे. तीच गाडी आज गोल्डन टेंपल मेल या नांवानें मुंबई सेंट्रलहून अमृतसरपर्यंत जाते.

या रेल्वेच्या, सरकारच्या आणि व्यापारी पेढ्यांच्या कचेऱ्यांत मुंबई, साष्टी व वसई येथील ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येनें कारकून झाले. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं त्यांच्यांतील पुढाऱ्यांनीं ईस्ट इंडियन हें नांव घेतलें आणि आपली संस्था स्थापन केली. नोकरीसाठीं गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख निराळी राहावी, हा त्यांचा हेतु होता. तोहि एक ज्युबिलीचाच प्रसंग. एका समाजाचें नांव ठरण्यास नोकरी कारण व्हावी, यावरूनच त्या काळीं कचेरीचें आणि तिच्याकडे नेणाऱ्या आगगाडीचें महत्त्व किती होतें, हें दिसून येतें. १९०५ सालीं कुलाब्याजवळ वोडहाऊस रोडवर होली नेम देऊळ उभें राहिलें, आणि त्या टोकाकडील कॅथलिक लोकांस जवळचें मोठें देऊळ मिळालें.

ता. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरवली या सडकेवर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. धूर गेला आणि वेग वाढला. आपल्या विरारपर्यंत वीज येण्यास मात्र १९३६ साल उजाडावें लागलें, आणि तोंवर कुलाबा उरलेंच नव्हतें. विरारहून निघालेली विजेची गाडी कुलाब्यास कधींच गेली नाहीं.

दुसरा भराव

ज्या स्टेशनास नुकतीच वीज मिळाली तें बंद कां व्हावें? याचें उत्तर रुळांच्या पश्चिमेस, पाण्यांत होतें. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनें बॅकबे भरण्याचा जुना बेत पुन्हां हातीं घेतला. आतां सट्टेवाल्यांची कंपनी नव्हती. सरकारच कंपनी झालें होतें. आठ भागांत मिळून ११४५ एकर जमीन समुद्रांतून काढावयाची होती. समुद्राच्या तळाचा गाळ यंत्रानें उपसून बांधाच्या आंत टाकावयाचा, असा तो उद्योग होता. परंतु गाळ पुरेना, बांधाच्या फटींतून निसटूं लागला, आणि खर्च वाढत चालला. मुंबईचे वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं या कारभारावर उघड टीका केली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, आणि तींतून ते निर्दोष सुटले. चौकशी समिति नेमली गेली आणि योजना आंखडली. आठांपैकीं चार भाग पुरे करावयाचे आणि बाकीचे सोडून द्यावयाचे असें ठरलें.

जे भाग पुरे व्हावयाचे होते, त्यांपैकीं कांहीं चर्चगेट ते कुलाबा या पट्ट्याच्या पश्चिमेसच होते. येथें सडकेचें दैव फिरलें. १८६७ सालीं रुळांच्या पलीकडे समुद्र होता, म्हणून रूळ कोणाच्या वाटेंत नव्हते. आतां पलीकडे जमीन होणार, तिचे तुकडे पाडून विकावयाचे, तिच्यावर रस्ते व घरें व्हावयाचीं. आणि जुनें शहर व नवी जमीन यांच्या मध्यें आगगाडीची सडक आडवी पडलेली. जमिनीला किंमत यावयाची तर सडक उठली पाहिजे. त्याच सुमारास कापसाचा बाजारहि कुलाब्याहून उठून शिवडीच्या बाजूस गेला होता. त्या जागेस आजहि कॉटन ग्रीन म्हणतात. ज्या कापसासाठीं सडक कुलाब्यास आली तो गेला, आणि ज्या समुद्राच्या कडेनें ती आली तोहि मागें सरला. कुलाब्याची बाजू घेणारें आतां उरले ते केवळ उतारू. आणि उतारूंचें मत अशा प्रसंगीं बहुधा कोणी विचारीत नाहीं.

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठीं बेलासिस रोडजवळ बाँबे सेंट्रल हें नवें स्टेशन बांधण्यांत आलें. शिल्पकार क्लॉड बॅटले, बांधणारे शापूरजी पालनजी, मुदत अवघी २१ महिने, आणि खर्च सुमारें १ कोटि ५६ लाख रुपये. ता. १८ डिसेंबर १९३० रोजीं गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांनीं तें उघडलें. त्यानंतर तेरा दिवसांनीं, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीं, कुलाबा स्टेशन बंद झालें. १९३१ सालचा पहिला सूर्य उगवला तेव्हां चर्चगेट हें सडकेचें शेवटचें स्टेशन झालें होतें.

जें उरलें तें

पुढें रूळ उखडले गेले. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस जेथून मेलगाड्या जात होत्या, त्या बाजूस गोलाकार सज्जांचीं, रंगीत घरांची रांग उभी राहिली. १९४० च्या सुमारास मरीन ड्राइव्ह पुरा झाला. या घरांच्या आर्ट डेको शैलीसाठीं आणि मैदानाच्या पूर्वेकडील व्हिक्टोरियन इमारतींसाठीं युनेस्कोनें २०१८ सालीं या सर्व परिसरास जागतिक वारशाचा मान दिला. मैदानाच्या एका बाजूस आगगाडीच्या आधींचें व वेळचें शहर, आणि दुसऱ्या बाजूस आगगाडी उठल्यानंतरचें शहर, असें तेथें आज स्पष्ट दिसतें.

कुलाब्याच्या यार्डाची जागा रेल्वेकडेच राहिली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं बी. बी. अँड सी. आय. ही रेल्वे पश्चिम रेल्वेंत विलीन झाली. त्या यार्डाच्या जागीं आज बधवार पार्क ही रेल्वेच्या अधिकाऱ्यांची वसाहत आहे. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष असलेल्या फत्तेचंद बधवार यांचें नांव तिला दिलें आहे. तिच्या शेजारींच कोळ्यांची मच्छीमार नगर ही वस्ती आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर हल्ला करणारे याच किनाऱ्यास उतरले, म्हणून या जागेचें नांव पुष्कळांच्या कानीं गेलें. तेथें कधीं काळीं मेलगाड्या सुटत होत्या, हें मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. ज्या कोळ्यांवरून कुलाब्यास नांव पडलें असें म्हणतात ते अद्याप तेथें जाळीं विणीत आहेत. कापूस आला आणि गेला, सडक आली आणि गेली.

नरिमन यांनीं ज्या भरावावर टीका केली, त्याचाच पुढें वाढविलेला भाग आज त्यांच्याच नांवानें नरिमन पॉइंट म्हणून ओळखला जातो. नांव वस्तूपेक्षां अधिक टिकतें असें वर म्हटलें. कधीं कधीं तें अशा रीतीनें टिकतें. आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. ज्या बाजूची आगगाडी जमिनीच्या मोलासाठीं १९३० सालीं उठविली, त्याच बाजूस सुमारें ९५ वर्षांनीं, अमाप खर्चानें, जमिनीच्या पोटांतून ती पुन्हां न्यावी लागली. भरावावर माणसें राहावयास व कामास आलीं, तीं पायीं येणार नव्हतीं. सडक दूर केली तरी सडकेची गरज दूर होत नाहीं.

या हकीकतींतून जो बोध घ्यावयाचा तो हाच. कुलाब्याचें पहिलें भरण सट्ट्याच्या लोभानें झालें, तरी त्याच्या शेषांतून लोकांस वाट मिळाली. दुसरें भरण योजनापूर्वक झालें, पण त्याच्या हिशेबांत वाट ही खर्चाच्या बाजूस मांडली गेली आणि जमीन जमेच्या बाजूस. आपल्या वसईंतहि आज जमिनीला भाव आला आहे. वाड्या बुजविल्या जात आहेत, मिठागरें व खाजणें यांवर भर पडत आहे, आणि ज्या गांवांना आगगाडीनें जगविलें तेथें आगगाडीमुळेंच जमीन महाग झाली आहे. अशा वेळीं जमेच्या बाजूस काय मांडावयाचें आणि खर्चाच्या बाजूस काय, हा प्रश्न आपणांसहि सोडवावा लागेल. पाणी जाण्याची वाट, माल जाण्याची वाट आणि माणसाची वाट बुजवून काढलेली जमीन शेवटीं स्वस्त पडत नाहीं, हें कुलाब्यानें दाखवून दिलें आहे.

एक विनंति करून हा लेख पुरा करतों. आपल्या भागांतील कित्येक घरांत जुन्या पेट्या आहेत. त्यांत आजोबा-पणजोबांचे नोकरीचे कागद, आगगाडीचे पास, पार्सलाच्या पावत्या व पत्रें असतील. त्यांपैकीं एखाद्यावर कुलाबा हें नांव छापलेलें आढळलें, तर तो कागद रद्दींत घालूं नये. तो जपून ठेवावा आणि मुलांस दाखवावा. ज्या स्टेशनाची एक वीटहि आपणांस दाखवितां येत नाहीं, त्याचा तो पुरावा आहे. आणि आपल्या वडीलधाऱ्यांनीं पहांटे उठून किती लांबचा प्रवास केला, तेव्हां आपल्या घरांत चूल पेटली व देवळांत दिवा लागला, याचीहि ती खूण आहे.